आण्णांचं पान

मालवण, १ सप्टेंबर २०२५

चि. रेवास आजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि तू बोलतेस भरभर, म्हणून पत्र. चेन्नईचा भात अंगाला लागला असेल!

पितृपक्ष जवळ आला. माझे वडील, आण्णा, परदेशी मालबोटीवर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत धडाधड बांधलेल्या पोलादी बोटींपैकी ती एक. लढाई संपल्यावर कंपनीनं कळवलं, उत्तरेच्या थंड समुद्रात बोट दुभंगून बुडाली. ना वादळ, ना सुरुंग. गावात कुणाला पटलं नाही. आण्णा तिकडं बाई करून राहिले, असंच सगळे म्हणाले आणि आईनंही तेच मनात धरलं. जिवंत माणसाचं पान पितरांत वाढत नाहीत, म्हणून म्हाळाला तिनं त्यांचं पान कधी वाढू दिलं नाही. कुंकू लावूनच गेली.

तू कारखान्यात वेल्डिंग तपासतेस. बोट अशी आपोआप तुटते का, खरं सांग. यंदा पान वाढायचं की नाही, ते मला ठरवायचंय.

तुझी आजी,
विद्युलता

अंबत्तूर, चेन्नई, ९ सप्टेंबर

ती. आजीस सा. न.

भात नाही, इडल्या अंगाला लागल्यात.

आजी, बोट तुटते. तेव्हा शत्रू बुडवत होता त्याहून जास्त बोटी हव्या होत्या, म्हणून रिव्हेटचे खिळे मारत न बसता पत्रे वेल्ड करून जोडले. त्यातलं पोलाद कडक थंडीत काचेसारखं ठिसूळ व्हायचं. एकदा तडा गेला की सांध्यापाशी न थांबता आरपार जायचा. काही बोटी तर बंदरात उभ्या असताना दुभंगल्या. कंपनी खोटं बोलली नसावी.

हे लिहिताना मला रडू आलं. पणजीला कुणीतरी सांगायला हवं होतं गं. तू पान वाढ.

तुझी लाडकी,
रेवा

मालवण, २२ सप्टेंबर

चि. रेवास आशीर्वाद.

काल आण्णांचं पान वाढलं, आईच्या शेजारीच. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. आई असती तर आधी माझ्यावर ओरडली असती आणि मग आत जाऊन रडली असती.

मला वाटलं होतं, जीव हलका होईल. तसं झालं नाही. आण्णा पळून गेले असं मानत होते, तोवर ते कुठंतरी होते. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायची, पण दारात अनोळखी म्हातारा आला की आधी त्याचा चेहरा बघायची. काल पान ठेवून मागे फिरले आणि ऐंशी उलटल्यावर पोरकी झाले बघ.

दिवाळीला रजा काढून ये. म्हातारीवर माया असू दे.

तुझी आजी