गंजीभोवतीची चक्कर

बोरगाव मेघे, वर्धा
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

ती. मधुकरभाऊले जयवंताचा नमस्कार. वहिनीले नमस्कार, सुरभीले आशीर्वाद.

इकडं आम्ही बरे आहोत, म्हणजे चालते-फिरते आहोत. ह्यांची बीपीची गोळी बदलली. माझा गुडघा तसाच आहे. सुरभीचा पेपर कसा गेला ते कळवजो. वहिनीचा चकल्यांचा डबा इकडंच राह्यला, त्याची काळजी करू नका.

फोन काऊन नाई केला म्हणशील. फोनवर तू मले बोलू देतोस का? मी एक बोलली का तू तीन बोलतोस. कागदाच्या मधात तोंड घालता येत नाई म्हणून लिहून राह्यली. चौथीचं अक्षर आहे, लावून घेजो. पण पुरं वाचजो, अर्ध्यातून उठू नको.

तुझ्या सालदाराची, प्रेमदासची बायको तानाबाई सकाळच्या बसनं माझ्याकडं आली. आता माझ्या स्वयंपाकघरात बसून आहे. चहा दिला तो थंडा झाला. म्हणते, "ताई, तुमचा भाऊ तुमचं ऐकते. दोन ओळी लिहून द्या. माह्या माणसानं गंजी नाई पेटवली."

मी म्हटलं, "त्याच्या खिशात विडीचं बंडल सापडलं ना?"

"बंडल सापडलं. माचिस सापडली का? डॉक्टरनं विडी सोडाले लावली त्याले दोन वर्सं झाले. ह्यानं अशी सोडली का पेटवत नाई, नुसती चघळते. बकरीसारखी!" रडता रडता हसली बाई. मले हसता नाई आलं.

तर दोन ओळी अशा. तुझी सोयाबीनची गंजी प्रेमदासनं पेटवली नाई. तू ठाण्यात दिलेली तक्रार मागं घे. उद्या अकराले त्याले चौथ्यांदा बोलावलं आहे, अन् या खेपेले घरी येऊ देणार नाईत असं गावात बोलून राह्यले. म्हणजे तुझ्यापाशी उद्या अकरापर्यंत वेळ आहे.

तू विचारशील, तुले काय माहीत? तू तर भाऊबिजेले चारलेच निघाली.

निघाली. खरं आहे.

आधी गाडीचं ऐक. ती जुनी पेट्रोलची गाडी ह्यांनी चार वर्षांखाली घेतली अन् माझ्या नावावर केली. म्हणाले, बाईच्या नावावर काहीतरी असावं. मीही गावभर सांगत फिरली. मग आमचा रजत तिच्या मागं लागला. सिंदी मेघेत चंदन म्हणून पोरगा आहे, त्याचं गॅरेज. दोघांनी मिळून तिचं काय काय केलं! स्प्रिंगा कापून ती एवढी खाली बसवली का मले आत शिरायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटते. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चार ब्रेकर, चारही ठिकाणी पोट घासते. मी गणपतीचं नाव घेते, रजत शिव्या देते.

ते चाललं असतं. पण कंपनीनं पाइपात एक डबा दिला असते, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखा. धुरातलं विष तो गाळते. त्याच्याजवळ एक पत्रा असते, पाइपाची धग खाली लागू नये म्हणून. डबाही काढला, पत्राही काढला, अन् सरळ जाड पाइप टाकला. वरून लॅपटॉप जोडून इंजिनाचं डोकं फिरवलं. आता जोरात पळवून पाय उचलला का मागून फाट फाट आवाज येते अन् वीतभर जाळ निघते. जाळ! पोरं त्याचे व्हिडिओ काढतात.

शेजारी सदाशिवराव गुरुजी राहतात, रिटायर झालेले, दम्याचे. ते एकदा फाटकाशी आले. "जयवंताबाई, गाडी सुरू कराच्या आधी हाक मारत जा. मी खिडकी लावून घेईन." किती सरळ बोलणं होतं. मी काय म्हटलं असेल? "खिडकी तुमची आहे, दिवसभर लावून ठेवा." पोराची बाजू घ्यायची म्हणजे मले असंच सुचते.

सेवाग्राम रोडवर आरटीओच्या साहेबानं गाडी धरली होती. गाडी माझ्या नावावर, म्हणून मले बोलावलं. समजावून सांगितलं माणसानं. "बाई, कंपनीनं जशी दिली तशी करून आणा, नाईतर आर.सी. रद्द होईल. अन् असे बदल विमा कंपनीले न सांगता केले अन् काही झालं, तर विमावाले हात वर करतील. सगळं मालकावर येते." मी कागदावर सही केली. रजतनं जुना पाइप लावला, गाडी दाखवली, आठ दिवसांनी पुन्हा काढला. पी.यू.सी.च्या दिवशीही तसंच. साधूचे कपडे घालून जायचं अन् घरी येऊन काढायचे. मले हे सगळं माहीत होतं. मी जुना पाइप पुसून माळ्यावर ठेवायची.

भाऊबिजेचं सांगते.

रजतची वीज कंपनीत निवड झाल्याची चिठ्ठी दिवाळीतच आली. पोलिसांचा चांगल्या वागणुकीचा दाखला तेवढा राह्यला. ओवाळून झाल्यावर तू म्हटलं, "जाता जाता वावरात गंजी पाहून घे जयवंता, आठ एकराचं पीक एका जागी लावलं." प्रेमदासले तूच फराळाले घरी बोलावलं होतं. तो तुझ्या ओसरीवर चिवडा खात होता, आठवते ना? वावरात कोणी नव्हतं. मी अन् रजत.

आपले बाबा नवी बैलजोडी आणली का तिले गंजीभोवती एक चक्कर मारवत. लक्ष्मीले दाखवायची, म्हणत. तू पुढं चालायचा, मी मागून कुंकू घेऊन. मले तेच आठवलं. पोराले नोकरी लागली, दारात गाडी आहे, मामाची गंजी उभी आहे. मी म्हटलं, "ने तिकडं. एक चक्कर मार."

रजत नाई म्हणाला भाऊ. हे नीट वाच. तो म्हणाला, "आई, खाली सगळं वाळल्या काड्या-शेंगांचं कुटार पसरलं आहे. पाइप तापला आहे. रस्त्यावरूनच पाहू."

मी म्हटलं, "मोठा इंजिनीअर आला! दोन बैल फिरत होते तिथं तुझी एवढी ताकदीची गाडी फिरत नाई?"

फिरली. पोट घासत, कुटार ओढत फिरली. मग मी तिले गंजीकडं पाठ करून उभी करवली. समोरून फोटो घेतला. पाच-सात मिनिटं इंजिन चालूच होतं. अन् पुढं ऐक. मीच म्हटलं, "तो आवाज काढ एकदा, मामाच्या वावरात." त्यानं काढला. दोनदा.

नाल्याच्या पुलावर मी मागं पाहिलं. बारीक धूर होता, चुलीसारखा. रजत म्हणाला, "आई, धूर दिसून राह्यला." मी म्हटलं, "प्रेमदास चहा ठेवत असेल. चल, ह्यांची गोळीची वेळ झाली."

प्रेमदास तुझ्या ओसरीवर होता. मी घरून निघताना त्याले तिथं पाहून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली वाकून पाहिलं. पाइपाले जळलेल्या काड्या चिकटल्या होत्या, एक काळी शेंगही. सांडशीनं एकेक ओढून काढली अन् नालीत पाणी सोडलं. रजत दारात उभा राहून पाहत होता. आठ दिवस आम्ही मायलेक त्यावर एक अक्षर नाई बोललो. जेवाले वाढ, पाणी दे, एवढंच.

शनिवारी तो गाडी घेऊन चंदनकडं गेला अन् जुना पाइप लावून आला. मले समजलं. मी ऑटो करून गॅरेजात गेली. जाड पाइप भंगारात पडून होता. चंदन म्हणे, "काकू, तुमच्या काय कामाचा हा? कपडे वाळू घालता का?" मी म्हटलं, "गाडी माझ्या नावावर आहे, तर पाइपही माझाच. ठेव ऑटोत." बारदान्यात गुंडाळून आणला. पाइपाच्या जोडात अजून कुटाराची राख आहे. आता तो माझ्या पलंगाखाली आहे अन् मी पलंगावर बसून लिहून राह्यली. आतून कडी लावली आहे.

रजत दाराशी आला आहे. तो बोलते तसंच लिहिते, तुले समजावं म्हणून.

"आई, दार उघड. तानाबाईले काय सांगितलं?"

"काई नाई अजून."

"मग काय लिहून राह्यली?"

"मामाले पत्र."

"पाइप दे. मी नदीत टाकून येतो, विषय संपला. दाखला आठ दिवसांत येईल. केस झाली तर नोकरी गेली समज. एका सालदारासाठी पोटच्या पोराले बुडवते का तू?"

मी हेही लिहून घेतलं. अकरा दिवस मीही मनात हेच म्हणत होती, याच शब्दांत. ह्यांना विचारलं तर म्हणतात, गाडी तुझ्या नावावर, तूच पाहा.

आता राह्यलेलं सांगते. ते सांगायचं नव्हतं म्हणून डब्याचं अन् गुडघ्याचं लिहीत बसली होती.

त्या दिवशी संध्याकाळी तू फोन केला. तुझा आवाज ओळखू येत नव्हता. मागं लोकं ओरडत होते, पाणी आणा, टँकर आणा. तू म्हटलं, "जयवंता, गंजी गेली. कोणाचं काय केलं मी? कोणं केलं असेल?" तुझ्या तोंडात कोणाचंच नाव नव्हतं. आठव भाऊ. नाव मी दिलं. मी म्हटलं, "प्रेमदास विडी ओढते ना रे?"

बस, एवढंच बोलली. तू म्हणाला, "हो. ओढते."

एवढ्यावर तू त्याच्या खिशात हात घातला.

त्याले चौदा वर्षं झाली तुझ्याकडं. माझ्या एका वाक्यानं गेली.

ठाण्यात काय म्हणतील मले माहीत नाई. गाडी जप्त करतील, आर.सी. जाईल, माझ्यावर केस होईल. चालवत रजत होता, त्याच्यावरही होईल. तो नाई म्हणाला होता अन् मी त्याले लावलं, हे मी तिथं दहा वेळा सांगीन. ऐकतील का ते नाई सांगता येत. तुझ्या पिकाचं काय करायचं ते तू सांग, मी ऐकीन. माफी मागत नाई. मागितली का तुले द्यावी लागेल, अन् तू लवकर देतोस.

आता दार उघडते अन् तानाबाईले हे सगळं वाचून दाखवते. एकदा तिनं ऐकलं का मले कागद फाडता येणार नाई.

दुपारचा एक.

वाचलं. रजत उंबऱ्याशी उभा होता, त्यानंही सारं ऐकलं. संपल्यावर तानाबाई उठली. मले वाटलं मारते. मारलं असतं तर एक काम झालं असतं. ती म्हणाली, "हा कागद तुमचा भाऊ घडी करून कपाटात ठेवील. तक्रार मागं घेईल अन् म्हणील, जाऊ दे, झालं. माह्या माणसाले मात्र पारावर सगळ्या गावासमोर आग लावणारा म्हटलं. ताई, तुम्ही पारावर येऊन वाचाल?"

तिनं तुले बरोबर ओळखलं आहे.

मी हो म्हटलं. कागद ती आत्ताच्या बसनं आणून राह्यली, सुरभीच्या हाती देईल. सुरभीले मोठ्यानं वाचू दे. फाडू नको, मले तो पारावर लागेल, नंतर ठाण्यात. उद्या पहिल्या बसनं मी येते, बारदान्यासकट. नऊ वाजता गावाले पारावर बोलावून ठेवजो. प्रेमदासले आणाले कोणाले पाठवू नको, तू स्वतः जाजो. तिथून अकराले आपण तिघं ठाण्यात जाऊ. तू नाई आला तर आम्ही दोघं जाऊ.

रजत घराबाहेर गेला. मी कान देऊन बसली होती. गाडीचा आवाज नाई आला. पायीच गेला असेल. कुठं, माहीत नाई.

येते.

जयवंता बबनराव लोहकरे,
कागदावरची गाडीमालक, अन् प्रेमदासचं नाव पहिल्यांदा घेणारी