गॅरेजातली पोरं आणि माझे कान

१२ फेब्रु. १९७३
गिरणीतल्या नव्या मागांची जोडणी संपवून परदेशी फिटर आज गेला. जाताना सहा छोट्या तबकड्या दिल्या. म्हणाला, मोटारीच्या गॅरेजात जमणाऱ्या पोरांचं रॉक. शिकलेलं कुणीच नाही. लावून पाहिलं. गिटार चिरकते, गाणारा ओरडतो, ढोल सगळ्यांच्या पुढे पळतो. सौ. म्हणाली, "अहो, हे गाणं आहे का भांडण?" पाच वेळा ऐकलं.

१८ फेब्रु.
त्रेचाळिसाव्या वर्षी हे शोभतं का? भजन, नाट्यसंगीत ऐकत वाढलो, आवडतंही. पण ते ऐकताना ताठ बसतो. ही पोरं चुकतात आणि तशीच पुढे जातात. मी असं एकदाही केलेलं नाही.

४ जाने. १९७६
फिटर अजून तबकड्या पाठवतो. एकोणीस झाल्या. रोज संध्याकाळी एक तरी लागतेच. पण हल्ली धूसर वाजतात. झांज तर गेलीच. मीच झिजवल्या. नवी पेठेतून सुई आणली, फरक नाही.

१० जाने.
दुसरी सुई. तेच. पोस्टाने आलेली नवीकोरी तबकडीही धूसर! सौ.ने येऊन आवाजाचं बटण पाहिलं. "अहो, आठवर आहे. पूर्वी तिनावर लावायचात. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या."
म्हणजे तबकड्यांना काही झालेलं नाही.

१२ जाने.
डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत. वीस वर्षं साळखात्यात, मागांच्या खडखडाटात, दुसरं काय होणार? खातं सोडा, नाहीतर उरलेलंही जाईल. मागाचं दुखणं माझ्यासारख्या खात्याच्या मास्तरला कानानेच कळतं, हे त्यांना सांगितलं नाही. मॅनेजरनाही नाही. का?

२० जाने.
चौदा नंबरच्या मागाचा ठोका बदलला होता. शेजारून गेलो, कळलं नाही. आडवा दोरा नेणारा धोटा उडाला, विणकराच्या कानशिलाला चाटून गेला. चोवीस मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबर यल्लप्पाने धावत येऊन माग बंद केला. खात्याच्या गोंगाटात आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो. लांबूनच त्याचे ओठ हलले, "मास्तर, तुमी ऐकलं न्हाय?" मी मान फिरवली. लिहितानाही लाज वाटते.

२३ जाने.
मॅनेजरना सगळं सांगितलं. हसले. "मास्तर, अर्धी गिरणी बहिरी आहे. ऑफिसातली टेबलाची जागा पाडव्यानंतर बघू." तोवर धोटा थांबेल?
बाहेर यल्लप्पा चिडलेला. "सांगितलं कशाला की? मी हाय न्हवं! मी ऐकतो, तुमी बघा." त्याचीही वीस वर्षं खात्यातच गेली. त्याला किती ऐकू येतं, विचारायचं धाडस झालं नाही.

२५ जाने., रविवार
डॉक्टर म्हणतात, खातं सुटत नसेल तर कानांत कापूस घाला. मग उरलेलं टिकेल, पण माग ऐकूच येणार नाही. मुळात टिकवायचं कशासाठी? खरं ते लिहितो: गाण्यांसाठी. एका पारड्यात विणकराचं डोकं, दुसऱ्यात माझ्या तबकड्या. आणि तरी पारडं…

आज सकाळी दोनावर लावून पाहिलं. फक्त ढोल आला. तेवढ्यावरही पाय हलत होता.

२७ जाने.
डाव्या कानात कापूस घालून गेलो. उजवा खात्यासाठी उघडा ठेवला. यल्लप्पाने पाहिलं. माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. सुट्टी होईपर्यंत हलला नाही. त्याचे चोवीस माग तेवढा वेळ कोण ऐकत होतं?