पान एकशे बारा आणि विसावं गिऱ्हाईक

२ जून २०२५, सोमवार
निर्णय झाला. सुदर्शनच्या दूरध्वनी पुस्तिकेत यंदा फुल पेज, रंगीत. ‘बाळकृष्ण पाळणा भांडार, कसबा पेठ. बारशासाठी सजवलेले पाळणे भाड्याने मिळतील.’ खाली दुकानाचा नंबर, ठळक. बावीस वर्षं कोपऱ्यात चार ओळी देत आलो. तिथेच चुकत होतं.

आमोदचं म्हणणं, आता पुस्तकात नंबर कोण बघतं, बाबा, फोनवर टाकू. त्याला सांगितलं, बारसं असलेल्या घरात वडीलधारी माणसं असतात आणि वडीलधारी माणसं पुस्तक उघडतात. तो गप्प बसला. पटलं असावं. सूनबाई ऋचा हसली. तिलाही पटलं असावं.

बायकोचं, कुसुमचं दुखणं वेगळं. तिच्या मते दुकान बंद करावं आणि शहराबाहेर, मांजरी गावात, आमोदच्या नव्या फ्लॅटवर राहायला जावं. पंधरा दिवसांत एक गिऱ्हाईक येणार, तर शटर उघडायचं कशाला, हा तिचा सवाल. शेवटी अट ठरली. लक्ष्मीपूजनापर्यंत वीस गिऱ्हाइकं आली तर दुकान चालू, एकोणीस आली तर मांजरी. मी लेखी दिलं, सहीसकट. फुल पेज असताना वीस म्हणजे किस झाड की पत्ती.

१६ जून, सोमवार
पुस्तिका आली. सुदर्शन स्वतः घेऊन आला. शाळेपासूनचा मित्र, तीस वर्षं शनिवार पेठेतल्या घरातून पुस्तिका काढतो. यंदा कागद गुळगुळीत. माझं पान एकशे बारा. फारच देखणं.

संध्याकाळी कुसुमने दाखवलं, समोरच्या पानावर पिंडदान साहित्य. सुदर्शनला विचारलं तर म्हणे अकारविल्हे लावलं की पाळण्यामागून पिंडच येतो, त्याला मी काय करू. वाईट वाटलं. पंचावन्न-साठ वर्षांची मैत्री, एक पान मागेपुढे करता येत नाही? पण शांतपणे विचार केला. घरात दोन्ही कार्यं होतातच. एकासाठी उघडलं की दुसरं दिसतं. फायदा माझाच.

१८ जून
फोन नाही. लोक वाचत असतील. एकशे साठ पानं आहेत.

२३ जून
नवा नियम. दुकानाचा फोन कुणीही उचलायचा नाही. कुसुम बहिणीशी चाळीस मिनिटं बोलत होती. तेवढ्यात दहा जणांनी लावून बघितला असेल आणि एंगेज लागला असेल. हे लोक परत करत नाहीत. फोनवर पाटी चिकटवली : ‘हा फोन येण्यासाठी आहे. करण्यासाठी नाही.’ वाजला तर मी उचलणार, एरवी मीही हात लावणार नाही. धंद्यात शिस्त हवी.

२ जुलै
गल्ली खणली. कशासाठी, ते खणणाऱ्यांनाही सांगता येईना. दुकानभर धूळ. पाळणे दिवसातून दोनदा पुसतो. फोनवर रुमाल टाकला.

फोन नाही. आषाढ आहे, कार्यं कमीच. कुसुम म्हणाली, “बाळं पंचांग बघून जन्माला येत नाहीत.” घरातून असं बोललं जावं याची मला सवय नव्हती.

९ जुलै
स्वतः सर्व्हे केला. समोरच्या वैष्णवीवहिनींकडे पुस्तिका मिक्सरखाली आहे, मिक्सर आता हलत नाही म्हणाल्या. शेजारच्या आप्पासाहेबांकडे खुर्चीवर आहे, नातवाचा हात त्यामुळे ताटापर्यंत पोचतो. निष्कर्ष : पुस्तिका घराघरात पोचली आहे आणि रोजच्या वापरात आहे. आमोदला कळवायला हवं.

१९ जुलै, शनिवार
आलं! पहिलं गिऱ्हाईक! केयूर नावाचा मुलगा, सिंहगड रोडवरून आला. फोन न करता थेट दुकानात. म्हणजे पत्ता इतका स्पष्ट छापलाय की फोनची गरजच पडत नाही. ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती.

कुठून कळलं, असं विचारलं नाही. ते कौतुक मागितल्यासारखं होतं. फक्त जाहिरातीचा मजकूर कसा सुचला ते त्याला सांगितलं. भला मुलगा, मान डोलवत होता. पाळणा घेऊन गेला.

१८ ऑगस्ट
सात झाली. सगळी थेट दुकानात आली. आमोदला सांगितलं तर त्याने विचारलं, “पुस्तकातून?” आवाजात मत्सर होता. मुलाने बापाच्या यशावर शंका घ्यावी, हे दिवस आलेत.

कुसुमचा मोबाईल हल्ली सारखा वाजतो. गॅलरीत जाऊन बोलते. भिशीच्या मैत्रिणी, म्हणे. या वयात इतक्या मैत्रिणी बऱ्या नव्हेत.

१० सप्टेंबर
पितृपक्ष. तरी अकरा. हा समोरच्या पानाचा सीझन, पण माझंही चाललंय. मांजरीला जायचं म्हणून कुसुमने रिकामे खोके आणून ठेवले होते. त्यात आता कांदे ठेव म्हटलं. ठेवले.

२ ऑक्टोबर, दसरा
एकोणीस! आणि वर आनंदाची बातमी. काल सुदर्शनला नात झाली. बारसं रविवारी, बारा तारखेला. म्हणजे विसावं गिऱ्हाईक ठरलेलंच. पुस्तिकेचा मालक दुसरीकडून पाळणा आणेल का? शिसवी पाळणा, पितळी पोपटांचा, त्याच्यासाठी बाजूला काढला. दुकान राहतंय. सोनं द्यायला गेलो तेव्हा सगळ्या गल्लीला सांगून आलो.

६ ऑक्टोबर, सोमवार
बारा तारखेसाठी दोन जण आले. दोघांनाही शिसवीच हवा होता. नाही म्हटलं. दुसरा दाखवला, तो त्यांना नको. कुसुमने विचारलं, वीस आणि एकवीस दारातून परत का पाठवले? मी म्हटलं, धंद्यापेक्षा शब्द मोठा. तिने विचारलं, शब्द दिलाय कुणी? या प्रश्नाला काही अर्थ नाही.

७ ऑक्टोबर
फोन नाही. घरात बाळंतीण आहे, गडबड असणार.

८ ऑक्टोबर
नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
बारशाचं निमंत्रण आलं, कुसुमच्या मोबाईलवर. फुलांचं चित्र, वेळ, पत्ता. पाळण्याचं अवाक्षर नाही. कुसुम म्हणाली, जाऊन विचारा ना, शनिवार पेठ काय लांब आहे? माझ्या तत्त्वात बसत नाही. जाहिरात मी केली आहे. फोन त्याने करायचा.

११ ऑक्टोबर. संध्याकाळी ६
पोपट चिंचेने घासले. झगझगताहेत. शेवटच्या क्षणी फोन करणं हा त्याचा शाळेपासूनचा स्वभाव.

रात्री ८.३०
नाही केला.

१२ ऑक्टोबर, रविवार
गेलो. जायचं नव्हतं, पण तोंडावर विचारायचं होतं. वाक्य तयार होतं : ‘सुदर्शन, आजपासून तुझा माझा संबंध संपला.’

हॉलमध्ये मधोमध पाळणा होता, पांढरा, प्लास्टिकचा, वर गुलाबी फुग्यांची कमान आणि लुकलुकणारे दिवे. बायका त्याच्याभोवती फोटो काढत होत्या. सुदर्शन दारातच उभा होता, चेहरा उतरलेला. माझं वाक्य निघायच्या आत तोच बोलला.

“दिगंबर, तू माझी लाज काढलीस. चार दिवस तुला फोन करतोय मी. आपलं पुस्तक उघडून, पान एकशे बारा काढून. माझी सून समोर उभी. तिला दाखवायचं होतं, हे अजून चालतं म्हणून. एकदाही लागला नाही रे. चौथ्या दिवशी तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं आणि मोबाईलवरून हे फुगे मागवले.”

मी म्हटलं, येऊन सांगायचंस. तो म्हणाला, “येऊन सांगायचं तर पुस्तक कशाला काढतोय तीस वर्षं?”

पेढा घेतला. खाल्ला नाही.

दुपारी ३
दुकान उघडलं. रुमाल काढला. फोन कानाला लावला. आवाज नाही, खरखर नाही, काहीच नाही. कधीपासून, कोण जाणे. बहुधा गल्ली खणली तेव्हापासून. तीन महिने मी मेलेल्या फोनवरची धूळ झटकत होतो. आणि कुणी उचलू नये म्हणून पाटी मीच लावली होती.

म्हणजे सुदर्शनने फसवलं नाही. मग एकोणीस जण आले कुठून?

१३ ऑक्टोबर, सोमवार
कुसुमला विचारलं. तिने एका दमात सांगून टाकलं. जुलैत ऋचाने दुकानाचा फोटो काढून फोनवर टाकला. पाळण्यांचेही टाकले. नंबर कुसुमचा. लोक तिला विचारतात, ती रस्ता सांगते, लोक दुकानात येतात. एकोणीसच्या एकोणीस. भिशी बिशी काही नाही.

चीड आली. मुलगा, सून, बायको, तिघं मिळून. मी गिऱ्हाइकांना मजकूर कसा सुचला ते सांगत होतो आणि ही आत चहा टाकत ऐकत होती. म्हटलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही काढायला लावलं असतं.”

हे खरं आहे. म्हणून अधिकच चीड आली.

मग मी हिशेबाने बोललो. पुस्तकातून आलेलं गिऱ्हाईक एकच, सुदर्शन, आणि त्याला मीच परत पाठवलं. अट मी हरलो. खोक्यांतले कांदे काढ, मांजरीला जाऊ.

कुसुम म्हणाली, “कागद वाचा. वीस गिऱ्हाइकं लिहिलंय. कुठून, ते लिहिलेलं नाही. आणि मला मांजरीला जायची हौस होती असं वाटलं तुम्हाला? माझी सगळी माणसं इथे. तुम्ही हातपाय हलवावेत म्हणून म्हटलं होतं. तुम्ही फुल पेज दिलंत.”

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हे आज कळतंय. कागद पुन्हा वाचला. तसंच लिहिलंय. माझीच सही आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सुदर्शनकडे गेलो. फोनचं सगळं सांगितलं, पाटीसकट. त्याने ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी पुस्तिका काढणार नाही म्हणाला. आग्रह करावासा वाटला. केला नाही. निघताना त्याने विचारलं, फोनवर टाकायला कुणाला येतं रे तुझ्याकडे? ऋचाचा नंबर दिला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
विसावं गिऱ्हाईक आलं. लक्ष्मीपूजनाच्या पाच दिवस आधी. अट जिंकलो. दुकान राहिलं.

शिसवी पाळणाच हवाय, पण घरपोच. ऑर्डर कुसुमने घेतली, वेळ कुसुमने ठरवली. मला एका चिठ्ठीवर पत्ता दिला : उद्या सकाळी नऊ, टेंपोतून, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आणि वर सांगितलं, पाळणा ठेवा, साखळ्या नीट लावा, लगेच या. जाहिरातीचं काही बोलत बसू नका.