चॅनल गेटचं कुलूप

सिस्टर, आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही. तेव्हा मी नववीत होते, दोन वेण्यांना पांढऱ्या रिबिनी, डाव्या खांद्याखाली पिनने लावलेला रुमाल, आणि तुमच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात आला की अख्ख्या वर्गाची पाठ सरळ व्हायची. आता मी तेव्हाच्या तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, निवृत्ती दारात येऊन उभी आहे, आणि उद्या संस्थेच्या बैठकीत मी उभं राहून एक वाक्य म्हणावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. उत्तरपत्रिका जमा न करता मुलांना बाहेर सोडलं, ही माझी चूक झाली. एवढंच वाक्य. ते म्हटलं की चहा येईल, विषय संपेल, आणि पुढच्या पेपरापासून चॅनल गेटला पुन्हा कुलूप लागेल. मी ते म्हणणार नाही. पण हे आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण माफी मागायला मला तुम्हीच शिकवलंत.

जळगावच्या आपल्या कॉन्व्हेंट शाळेतली ती सहामाही परीक्षा तुम्हाला आठवत नसेल. तुमच्यासाठी तो असंख्य दिवसांतला एक दिवस. भूगोलाचा पेपर आहे. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातून पेन पडतो आणि ती तो उचलायला वाकत नाही, तेवढ्यावरून मला कळतं की काहीतरी बिघडलं आहे. मग बाकच खडखडायला लागतो. तिला फिट आली आहे. मी उठते. बाकी काही नाही, नुसती उठते आणि तिच्याकडे हात करते, आणि तुमचा तळवा माझ्या खांद्यावर येतो. "सिट. परीक्षा चालू आहे." मी बसते. तुम्ही एकटीने तिला खाली घेतलंत, कुशीवर वळवलंत, जवळचा बाक पायाने दूर सारलात. शाळेतली आया कांदा फोडून आणू का म्हणाली, तर तिला नुसत्या नजरेनं थांबवलंत. आमच्या घरांतून फिट आली की कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरायची पद्धत, तुम्ही मात्र तिला फक्त श्वास घेऊ दिलात. ती शुद्धीवर आली. तुम्ही सगळं बरोबर केलंत, हे मी तेव्हाही मानत होते. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मला पायरीवर उभं करून तुम्ही सगळ्या शाळेसमोर माफी मागायला लावलीत. परीक्षेत परवानगीशिवाय जागा सोडली म्हणून. मी मागितली. घरी आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "माफी मागून काय तोंड झिजलं का तुझं?" नाही झिजलं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी पडलं, कुणाला भाजलं, कुणाला चक्कर आली, की मी आधी इकडेतिकडे बघायची, उठायची परवानगी कुणाकडे आहे म्हणून.

आणि तरी त्याच दुपारी तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात बोलावलंत. मुलींना तिकडे यायची बंदी. खोबरेल तेलाचा वास, जाळीच्या कपाटात केळी, आणि स्टीलच्या पेल्यात गुळाची काळी कॉफी. तुम्ही मला समोर बसवून ती प्यायला लावलीत. मला वाटलं, आता तुम्ही मला समजून घ्याल. तुम्ही म्हणालात, "दोघी धावल्या तर तिसरी पडते. लक्षात ठेव." बस, आणि पेला विसळायला घेतलात. ती कॉफी तुमची माफी होती की माझ्या माफीची पावती, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता माझ्याकडचं ऐका. आमच्याकडे परीक्षा म्हणजे कॉपीचा धसका. खालून कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र चिठ्ठ्या घेऊन वर येऊ नये म्हणून पेपर सुरू झाला की पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी असलेलं सरकत्या लोखंडी गजांचं चॅनल गेट ओढायचं आणि बाहेरून कुलूप लावायचं, अशी रीत. किल्ली आबांकडे. आबा म्हणजे आमचे जुने शिपाई. मुलांनी बॅगा आणि चपला वर्गात न्यायच्या नाहीत, कारण चपलेच्या अस्तरातूनही चिठ्ठ्या निघाल्या आहेत. त्या सगळ्या गेटपाशीच काढायच्या. दुसरा एक जिना आहे, त्यात मोडके बाक रचलेले. आग विझवायचा लाल सिलिंडरही आहे, तो खाली ऑफिसात. दर खंडेनवमीला आम्ही त्याला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. त्यावर काय लिहिलं आहे ते आता हळदीखाली गेलं आहे. मी या सगळ्याबद्दल बोलले नव्हते असं नाही. बोलले की लोक हसत. "मॅडम कॉन्व्हेंटच्या ना, त्यांना सगळीकडे मेणबत्तीच दिसते," असं एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. मीही हसले होते.

त्या दुपारी उन्हाने खिडक्यांच्या गजांना हात लावता येत नव्हता. एका वर्गाच्या खिडकीत बसवलेला मोठा कूलर सकाळपासून चालू होता, त्यातलं पाणी कधीच संपलं होतं आणि आतलं गवत कोरडं ठणठणीत झालं होतं. मी त्या मजल्याची मुख्य पर्यवेक्षक, म्हणून वर्गावर्गांतून फिरत होते. या वर्गाच्या दारात आले आणि आधी वास आला. जळक्या वायरचा. मग कूलरच्या जाळीतून धूर निघाला, पिवळसर, दाट, आणि कूलरचा पंखा तो थेट वर्गात फेकू लागला. मागच्या बाकावरचा एक मुलगा पाण्याचा जग घेऊन उठला. "मॅडम, पाणी मारू?" मी म्हटलं, "करंट आहे त्यात, हात लावू नको." दाराजवळचं मेन बटण मी खाली ओढलं. पंखे थांबले आणि त्या शांततेत मला दिसलं की कुणीच उठलेलं नाही. पोरं खोकत होती, डोळे चोळत होती आणि लिहीत होती. घंटा झाली नव्हती ना. आणि आमचे वर्गावरचे नवे सर, चांगला मुलगा आहे, कामसू, तो पहिल्या रांगेपासून उत्तरपत्रिका गोळा करून मोजत होता. घाई करत होता, पण मोजत होता. "सगळ्या जमा झाल्या की सोडतो मॅडम, पाचच मिनिटं."

सिस्टर, त्या क्षणी मी तुमच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, पेन खाली ठेवा, पेपर आहे तिथे राहू द्या, रुमाल नाकाला लावा आणि वाकून बाहेर चला. शेजारचे वर्गही रिकामे करायला लावले. सर म्हणाले, "मॅडम, एक जरी उत्तरपत्रिका हरवली तर?" मी म्हटलं, "तर मला विचारतील. तुम्ही पुढे व्हा, गेट उघडायला लावा." आणि गेटपाशी आमच्या सगळ्या शहाणपणाचा ढीग पडलेला. चपला, बॅगा, सँडल. पुढची पोरं वाकून आपापली चप्पल शोधायला लागली आणि मागची त्यांच्यावर आदळायला लागली. "मनी चप्पल कोठे गई?" "ती मनी शे, सोड." प्रत्येकाचं माझी, माझी. आगीतसुद्धा माणूस आधी आपली चप्पल शोधतो, हे मला पुस्तकांत कुठे भेटलं नव्हतं. मी ओरडले की अनवाणी चला, चपला पायाने कडेला सारा. पलीकडे जिना रिकामा. आबा खाली जग भरायला गेलेले. हाका ऐकून ते जिना चढत आले. "काय व्हयनं वो मॅडम?" "कुलूप काढा आधी, मग विचारा." घाईत कुलूप गजांवर हेलकावत होतं आणि किल्ली त्यात जाईना. मी गजांतून हात घालून कुलूप घट्ट धरलं, तेव्हा ती गेली.

जिन्यात मी म्हणत होते, "धावू नका, दोघी धावल्या तर तिसरी पडते." मुलं होती त्यांत, तरी मी दोघीच म्हणत होते.

पण गेटपाशी यायच्या आधी, त्या वर्गातून निघताना, मी एकदा मागे वळून बघितलं होतं. खिडकीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर एक मुलगी बसलेली. पिंपळनेरहून रोज एसटीने येते, अभ्यासात बरी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ओढणी नाकाला लावून, उत्तरपत्रिका समोर नीट ठेवून ती बसून होती. मी दारातून म्हटलं, "अगं ऊठ." ती म्हणाली, "सरांनी पेपर घेतला नाही अजून. पुरवणी बांधायची राहिली आहे." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती परवानगीची वाट बघत होती. मी तिला ओळखते, सिस्टर. तिला मी भूगोलाच्या पेपरापासून ओळखते. मी तिच्याकडे गेले, खांद्याला धरून तिला उठवलं आणि बाहेर घेऊन आले. तिचा पेपर बाकावर राहिला, आणि नंतर खिडकीजवळचे जे बाक जळले त्यांत तो जळला.

खाली मैदान तापलेलं, अनवाणी पोरी एकेका पायावर नाचायला लागल्या. मग त्यांनी आपले स्कार्फ निंबाखाली अंथरले आणि त्यावर उभ्या राहिल्या. सरांच्या हातात हजेरीपट होता, तो त्यांनी सोडला नव्हता, आणि तो खरंच कामाला आला. बैठक क्रमांक पुकारून आम्ही सगळी पोरं मोजली. सगळी होती. कुणीतरी सोनगीरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आता पास करशात ना बठ्ठासले?" आणि सगळेच पास होणार म्हणून पोरं हसली. बंब आला, धूर निवळला, खिडकीकडचे बाक आणि त्यावरच्या उत्तरपत्रिका सोडून काही गेलं नाही.

म्हणूनच तर आता हे चाललं आहे. काही गेलं नाही. प्राचार्य माझ्यापेक्षा लहान, सभ्य गृहस्थ. परवा त्यांनी मला केबिनमध्ये बसवून पंखा वाढवला. म्हणाले, "मॅडम, नुसता धूर तर होता. फेरपरीक्षा घ्यावी लागतेय, वरून विचारणा होतेय. तुम्ही म्हणा, घाबरून निर्णय घेतला. माणूस घाबरतो, त्यात काय एवढं?" मी म्हटलं, "मी घाबरले होते हे खरं. पण निर्णय घाबरून घेतलेला नव्हता." ते म्हणाले, "शब्दांचा कीस कशाला काढायचा? जायच्या वर्षी डाग कशाला लावून घेता? दोन मिनिटांचं काम आहे." मी विचारलं, "आणि गेट?" त्यांनी पेपरवेट फिरवला. "गेटचं काय. चूक मान्य झाली की नियम पूर्ववत. बैठकीनंतर नवं कुलूप आणू, जुनं त्या गडबडीत कुठे गेलं कोण जाणे."

हे असं आहे, सिस्टर. मी चूक म्हटलं, की कुलूप बरोबर ठरतं. मी तेव्हा पायरीवर उभी राहून माफी मागितली तेव्हा बसून राहणं बरोबर ठरलं होतं, आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या मुलींनी ते ऐकलं होतं. उद्याही कुणीतरी ऐकणार आहे. ती पिंपळनेरची मुलगी ऐकणार आहे, ती फेरपरीक्षेला त्याच मजल्यावर बसेल. तिला काय कळावं? की बाईंनी तुला उठवलं ती बाईंची चूक होती? मी उद्या म्हणणार आहे की तशी वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन. गेट ओढा, पण कुलूप लावू नका, तिथे एक माणूस बसवा. चपला खाली मैदानात काढा. दुसऱ्या जिन्यातले बाक भंगारात द्या. त्या सिलिंडरवरची हळद पुसा आणि आम्हाला तो वापरायला शिकवा. पर्यवेक्षणाचं काम काढून घ्यायचं तर घ्या, निरोपाचा नारळ देऊ नका, शाल देऊ नका. माझ्याकडे शाली पुष्कळ आहेत.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, याचा मी बराच विचार केला. "नियम म्हणजे नियम," हे नक्की. आणि मग कदाचित कॉफी. मला तुमचा राग येतो आणि तुमच्या हातची ती गुळाची कॉफी प्यावीशी वाटते, हे दोन्ही एकाच वेळी होतं आणि आता या वयात त्यातलं एक निवडायची मला गरज वाटत नाही. तुम्हाला दक्षिणेत तुमच्या गावी पुरलं असं कळलं होतं. त्या गावाचं नाव मी कधी विचारलं नाही, म्हणून हे कुठे पाठवणार. विचारलं असतं तरी पाठवलं नसतं.

एक राहिलं. ते जुनं कुलूप हरवलेलं नाही. गजांतून धरलं होतं ते माझ्याच हातात राहिलं, मुठीत घेऊनच मी निंबाखाली पोरं मोजत होते. दुसऱ्या दिवशी परत देता आलं असतं. ते आता माझ्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्यामागे आहे. सिस्टर, न विचारता कुणाची वस्तू मी आजवर घेतलेली नव्हती. ही घेतली आहे, आणि देणार नाही.