राग करू नये म्हणणाऱ्या चाळीस चिठ्ठ्या

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील, अशी देवाजवळ प्रार्थना. इथली खुशाली विचारू नका. तुमचे बंधुराज आठ दिवस माझ्याशी बोललेले नाहीत, आणि मीही गप्प बसलेली नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं ते जगभरच्या जुन्या तत्त्वज्ञांची मतं चिठ्ठ्यांवर उतरवून खणांत लावताहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (खण माझ्या कपाटाचे. माझे कपडे ट्रंकेत.) देव मानणारे वर, 'सांगता येत नाही' म्हणणारे मध्ये आणि न मानणारे खाली, नेमके माझ्या जपमाळेशेजारी! तेही सोसलं. मग म्हणाले, "पंधरा दिवसांत पुस्तक छापखान्यात जायचंय, रागाचा खण जरा आवरून दे." आवरला. पाहते तर एक्केचाळीस चिठ्ठ्या, आणि सगळ्यांवर एकच: रागावू नये. चीनचा तेच म्हणतो, ग्रीसचा तेच, अरबस्तानातलाही तेच. वाण्याच्या यादीत साखर कुणी एक्केचाळीस वेळा लिहितं का? त्यातली सुवाच्य एक ठेवली, चाळीस काढून टाकल्या.

तर घर डोक्यावर घेतलं! "अगं, चाळीस माणसं मारलीस तू!" म्हटलं, ती हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच गेलीत, माझ्या माथी कशाला? तर म्हणे, "एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकच बोलली, हेच तर माझं पुस्तक होतं!" मग अकरा वर्षांत हे एकदा तरी मला सांगायचं होतं की नाही? धूळ झटकायला मी, आणि अर्थ कळायला छापखानेवाला! आणि त्या एक्केचाळिसांपैकी एकाने तरी कधी दुसऱ्याचं कपाट आवरलं होतं का, हे कुठल्या चिठ्ठीवर लिहिलंय?

तुमच्या घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुमच्या भावाला तुम्हीच चार शब्द सुनावा.

तुमची,
भावजय

ता. क. मागल्या सोमवारी पाठवलेल्या कपबश्या धड पोचल्या ना? कपांत कोंबलेले कागदाचे बोळे टाकू नका. चाळीस आहेत. मोजून, इस्त्री फिरवून उलट टपाली पाठवा. यांना कळवू नका; मी माळ्यावर सापडल्या म्हणेन. अकरा वर्षांची मेहनत आहे हो त्यांची.

आणखी एक. आज त्या खणात नवी चिठ्ठी दिसली, यांच्याच अक्षरात: 'राग करावा, आणि भांडी आपटत करावा. मत: पत्नीचे. परंपरा: माहेर.' ती मात्र मी टाकलेली नाही. फक्त 'माहेर' खोडून 'सासर' केलंय.