दोन बाटल्या पाणी

२४ जून १९७४
शेवटच्या वर्षाचा फॉर्म भरला. मुख्य विषय – प्राणिशास्त्र. घरी सगळे रसायनशास्त्र धरून बसलेत. पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. तात्यांना पत्र टाकलं. पत्राला दोन दिवस लागतील, तात्यांना राग यायला तेवढेही लागणार नाहीत.

२८ जून
तात्या स्वतःच आले. जैन बोर्डिंगच्या व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभे.
"आपण जैन माणसं. बेडकं कापायचं शिकून काय करणार हायस? तुझी आई मुंगी बघून पाऊल टाकती."
मी म्हटलं, मला हेच आवडतं.
"आवडतं म्हंजे?"
मी नुसता फॉर्म पुढे केला! नेहमी एवढी बडबड करणारी मी. त्यांनी सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. एसटीपर्यंत येऊ नको म्हणाले.

३० जून
तात्यांच्या 'आवडतं म्हंजे?'चं उत्तर आज सुचतंय. आई विहिरीवर घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळते. मग फडकं उलटं धुऊन ते पाणी – जिवाणी – हळूच परत विहिरीत सोडते, त्यातले जीव जगावेत म्हणून. लहानपणी मी विचारायची, कुठले जीव? दिसत तर नाहीत. "आपल्याला दिसत न्हाईत म्हणून काय न्हाईत व्हय?"
पहिल्या वर्षी मायक्रोस्कोपखाली डबक्याच्या पाण्याचा थेंब पाहिला. केवढी धावपळ त्यात! आई खरं सांगत होती. तिथंच रडू आलं, सगळे हसले.
हे सगळं आईला लिहिलं. तिला वाचता येत नाही, तात्याच वाचून दाखवतील. बरंच आहे.

४ जुलै
आज बेडूक मी कापला. दोन वर्षं आमच्या टेबलावर सलमा कापायची, मी आकृत्या काढायची. मे महिन्यात तिचं लग्न झालं, कॉलेज सुटलं. तिच्या जागी कुणी नाही.
बेडकाचं हृदय अजून चालू होतं. मनात णमोकार मंत्र म्हटला. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.

५ जुलै
जेवताना माझ्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे. मुली पलीकडे सरकून बसल्या. साबणानं तीनदा हात धुतले होते.

११ जुलै
दिवसभरात एकच शब्द बोलले. हजेरीला – 'प्रेझेंट'.

१५ जुलै
घरून पत्र नाही. रसायन घेतलं असतं तर आत्ता पंगतीत कुणाशी तरी बोलत असते. तरी उद्या पुन्हा फॉर्म दिला तरी हेच भरीन. याचाच जास्त त्रास होतो.

१९ जुलै
तात्या आले! पिशवीतून टॉनिकच्या दोन बाटल्या काढल्या. एकीच्या गळ्याला दोरा.
"आपल्या हिरीचं पाणी हाय. दोरा बांधलेलं आईनं गाळलंय, दुसरं तसंच. तुझ्या यंत्रात बघून कळव म्हणालीया."
काय कळवू, विचारलं.
"तीस वर्सं गाळतीया ती. पोटात एकबी जीव गेला नसंल न्हवं, एवढंच."
आज मीच त्यांच्याबरोबर एसटीपर्यंत गेले. नको म्हणाले नाहीत. गाडी सुटताना म्हणाले, "नीट बघ, अरुणा." किती दिवसांनी नावानं हाक मारली.

२० जुलै
दोऱ्याच्या बाटलीतले सहा थेंब पाहिले. दुसऱ्या बाटलीपेक्षा जीव कमी आहेत. पण साहीच्या साही थेंबांत आहेत.
कार्डावर 'तीर्थरूप आईस' एवढंच लिहून झालंय.