आवाजाचे तेवीस टप्पे

दादा,

भाकऱ्या टोपलीत आहेत, कालवण तेवढं तापवून घे. मी टोकावड्याला आत्याकडे चालले.

तिथंच शामच्या हळदीला तू ॲम्प्लिफायर नेणार आहेस. त्याचं आवाजाचं बटण फिरवलंस तर नुसतं टकटक करेल. तेवीस टप्प्यांचे तेवीस रेझिस्टर मी काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकलेत, सगळे एकत्र. ते मोजून, निवडून जोडायला मला तीन आठवडे लागले होते. पण काल शामच्या घरच्यांसमोर तू म्हणालास, हा मी बनवला, रविना नुसता चहा आणून द्यायची. मग कुठला कशानंतर लावायचा ते तुला पाठच असेल. एक जरी चुकला तर कुजबुजीवरून एकदम असा दणका बसेल की म्हातारी माणसं मांडवातून उठून जातील.

नाय जमलं तर फोन करू नको, मी उचलणार नाय. आत्याची ओटी मांडवाला लागूनच आहे. कुणी बनवला ते सगळ्यांसमोर सांग, मी सोल्डरिंग गन घेऊन येते. माइक बंद असेल, तेव्हा ओरडूनच सांगावं लागेल.

रविना